धावदोरा

नोव्हेंबरच्या खिडकीला काच नसते.
महासंघातले लोक तिला खिडकीच म्हणतात:
दहा दिवस, दोन सामने,
आणि देशोदेशी पांगलेली आपली पोरं
तेवढ्या फटीतून आत यायची.
मी लामारा. तिबिलिसीच्या हॉलमागे
धुण्याच्या खोलीत एकोणीस वर्षं.
माझ्यासाठी खिडकी म्हणजे बारा जर्सी, बारा चड्ड्या
आणि ही इस्त्री,
जिच्या वायरला मीच चिकटपट्टी गुंडाळलीय.

"उचा येत नाही," प्रशिक्षक अंझोर दारातूनच म्हणाला.
"करारात कलम आहे त्याच्या. अकरावं."

कलम म्हटलं की मला उचाचा बाप दिसतो.
झुगदिदीला, थंडी सरताना, ओल्या मातीत गुडघे टेकून
संत्र्याच्या खोडाला चीर देणारा,
काडी बसवून चिंधी आवळणारा.
मुळं एकाची, फळं दुसऱ्याची.
"मग झाड कुणाचं?" मी विचारलं होतं.
"पाणी घालतो त्याचं," तो म्हणाला,
"आणि जमिनीचं. भांडू दे त्यांना."

इस्तंबूलहून क्लबच्या डॉक्टरचा कागद आला.
डावा गुडघा. सूज. प्रवास नको.
गुरुवारी त्याच गुडघ्यानं
त्यांच्यासाठी बावीस गुण केले.
मी इस्त्री उभी करून बघत होते.
परक्या रंगात तो जरा बारीक दिसतो.

पुलाखालच्या भिंतीवर त्याचं चित्र आहे,
त्याच्या तोंडावर कुणीतरी डांबर ओतलं.
पाववाली त्सियाला म्हणाली, विकला गेला मेला.
मी सुटे पैसे मोजत राहिले.
झुगदिदीच्या शाळेच्या हॉलात बॉयलर कुणी बसवला,
तिला ठाऊक आहे.
तिच्या भाचीचा मुलगा तिथंच खेळतो,
जानेवारीत, अर्ध्या चड्डीत.

चौदा नंबर गोरीच्या रेझीला दिला.
सतरा वर्षांचा, मानेवर अजून मुरमं.
नव्या जर्सीला पैसे नव्हते.
पाठीवरची अक्षरं मी वाफेवर सोडवली,
एकेक,
आणि सुयांच्या डब्यात ठेवली.
खांदे दोन-दोन बोटं आत घेतले.
तरी ओणवा झाला की गळा लोंबायचा,
जसं कुणीतरी मागून त्याला धरलंय.

चार मिनिटं खेळला. एक फाउल, एक बास्केट.
आइसलंडकडून आपण तीन गुणांनी हरलो.
तीन म्हणजे किती? उचाचा एक फेक, कोपऱ्यातून.
हे सगळ्या हॉलला कळत होतं,
आणि कुणी बोललं नाही म्हणून
बाकड्यांचा आवाज फार मोठा वाटला.

रात्री एकला फोन. त्याच्याकडे बारा.
"मावशी, कुणी घातली?"
"गोरीचं एक पोर आहे."
"चांगला आहे?"
"घाबरट आहे. तूही होतास."
मग त्याच्या मागे लिफ्ट कुठंतरी थांबली, दार उघडलं, मिटलं.
म्हणाला, नकार दिला असता तर वर्षभर बाकावर बसवलं असतं,
आणि तेहतिसाव्या वर्षी बाकावर बसलेल्याला
कोण उठवतं?
मी हूं म्हटलं.
माफ करणं वगैरे माझ्याकडे नाही.
माझ्याकडे डाग येतात,
आणि काही निघत नाहीत.

"कापलीस का गं माझी?"
"नाही रे. धावदोरा घातलाय.
एक टोक ओढलं की सुटेल."

फेब्रुवारीत पुन्हा खिडकी आहे.
ते तो बोलला नाही, मीही नाही.
फोन ठेवता ठेवता, अगदी लहान आवाजात,
"मावशी, कागद खोटा नव्हता.
गुडघा खरंच सुजलाय."

मी म्हटलं, बर्फ लाव.
उशीवर ठेव पाय.